शून्य पिंग

चारकोपच्या बैठ्या खोलीत धाकू परबाचं नेट आणि धाकूचं तोंड, दोन्हींचा भरवसा नव्हता. नेट मध्येच गप्प व्हायचं, तोंड कधीच नाही. सून रुचिरा घरून ऑफिसचं काम करायची, आणि मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठला की धाकू फोन लावून नेटवाल्या प्रीतमच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा.

शेवटी प्रीतमने येऊन वायर बदलली आणि म्हाताऱ्याच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट टाकून दिली. “काका, डाउनलोड म्हणजे घरात येतं ते, अपलोड म्हणजे घरातून जातं ते. ताईंचा चेहरा गोठायचा तो अपलोड कमी म्हणून. आणि हे पिंग. तुम्ही हाक मारली, समोरच्याने ओ दिली, मधे गेला तो वेळ. जितका कमी तितकं झकास.”

चौथीत शाळा सोडलेल्या धाकूला हे लगेच कळलं. चाळीस वर्षं तो बायकोला, सुंदराबाईला, ‘अगो’ म्हणून हाका मारत आला होता आणि तिसऱ्या हाकेशिवाय तिने कधी ओ दिली नव्हती. पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये, त्या कोणाच्या असतील सांगता येत नाही, हे तिच्या आईने देवगडला शिकवलेलं; बाईने ते मरेपर्यंत पाळलं.

“तुझं पिंग लय मोठं होतं गो,” तो तिच्या हार घातलेल्या फोटोला म्हणाला.

रोज जेवण झालं की तो नेटच्या डब्याजवळ उभा राहून टेस्ट लावायचा. डाउनलोड, अपलोड दोन्ही सरळ. पिंग मात्र उतरत चाललं. नऊ. चार. एक. मग तीन दिवस शून्य.

“बाबा,” रुचिरा हळूच म्हणाली, “मीटिंगमधले विचारतात, तुझ्यामागे ओ कोण देतं?”

तिने प्रीतमला बोलावलं. आकडा बघून तो गोंधळला. “शून्य येत नाही काका. कितीही जवळून हाक मारा, वेळ जातोच. डबा बदलतो.”

“हात लावून बघ मेल्या, मनगट मोडीन! कोण ओ देतंय ते माका ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिरा बाजारात गेली तशी धाकूने दाराला कडी घातली आणि टेस्ट लावली. शून्य. फोटोकडे एकदा बघून त्याने स्वयंपाकघराकडे तोंड केलं, हाकेसाठी श्वास घेतला.

“ओ,” आतून आलं. आवाज सुंदराबाईचाच. धाकूचे ओठ अजून उघडलेही नव्हते.

मानेवर काटा आला, पण मागे सरणं त्याच्या रक्तात नव्हतं. सुंदरा हाकेआधी ओ देणारी असती तर संसारात एवढी भांडणं झालीच नसती.

“तू ती नाय,” तो म्हणाला. “आणि माझ्या घरात मी तुका हाक मारूचो नाय. काय करायचं ता कर.”

त्याने खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि ओठ घट्ट मिटून बसला.

आतून दुसरी ओ आली.

गुडघ्यांवर हात दाबून धाकू तिसरीची वाट बघू लागला.