चाळिसावी नळी

चाळिसाव्या नळीने स्वरूपाचा घात केला, आणि ती नळी भरली होती तिनेच.

मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहून ती दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मज्जातंतूंचं आवरण पोखरणारा आजार. तो दिसू लागण्याआधीच रक्तातल्या एका प्रथिनावरून त्याची चाहूल लागते का, हे तिला शोधायचं होतं. तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. एकोणचाळीस मिळाली, चाळिसावं ऐन वेळी गावी पळालं. मग स्वरूपाबाईंनी स्वतःचाच दंड पुढे केला आणि नळीवर नंबर चिकटवला.

फॉर्मवर प्रश्न होता: घरात कुणाला एमएस आहे का? पुण्यातली तिची मोठी बहीण मैत्रेयी सव्विसाव्या वर्षापासून काठी घेऊन चालते. तिच्यासाठीच तर स्वरूपा या कामात पडली. तरी नमुना बाद होऊ नये म्हणून तिने 'नाही' लिहिलं. एका शब्दाने काय होतंय! शहाण्यांचा गाढवपणा असा वळणदार अक्षरात असतो.

आकडे आले. एकोणचाळीस खाली, चाळिसावा थेट रुग्णांच्या रांगेत. तिने चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. एका आकड्याने आजार ठरत नाही, डोक्याला मार लागला तरी आकडा वाढतो, हे ती इतरांना घडाघडा सांगायची. पण तिला मार कुठे लागला होता? ती मनातून पार घाबरली.

"आउटलायर है, निकाल दो यार," मार्गदर्शक माथुरसर सहज म्हणाले. इतरांशी न जुळणारा आकडा वगळायचा, म्हणजे सुटकाच. नळी गेली की खोटंही गेलं.

दुपारी जिन्यात बसून डबा उघडला, तोच आईचा फोन. "मैत्रेयीचा डावा हातही जड पडतोय गं. तू धडधाकट आहेस, म्हणून मी तग धरून आहे."

"हो गं आई," स्वरूपा म्हणाली. जिन्यावरून माणसं ये-जा करत होती, आणि तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

डबा तसाच मिटून ती वर गेली. फॉर्मवरचं 'नाही' खोडून 'सख्खी बहीण' लिहिलं आणि कागद सरांपुढे ठेवला.

"सर, चालीस नंबर मैं हूँ."

सरांनी चष्मा काढला. "घर पे बताया?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. इथे ती चाळिसांतली एक होती. आईला दोनच लेकी होत्या.