बाईंच्या पापण्या आणि मी

मित्रांनो, फोटो स्टुडिओच्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, जो काळा, कोपरे झिजलेला कॅमेरा दिसतो ना, तो मी. माझा पट्टा तुटला आहे, एक बटण दोनदा दाबावं लागतं, आणि माझ्या पाठीवरचा पडदा तुमच्या आगपेटीएवढा आहे. त्यात काढून झालेला फोटो दिसतो. काढताना मात्र मागच्या भिंगाला डोळा लावावाच लागतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांना असं काही लागत नाही म्हणे. लागू नये हेच बरं. का ते पुढे सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी श्वास रोखून माझी भिंगं बसवली. तिथून मी थेट या स्टुडिओत आलो, तो स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंच्या हातात. स्टुडिओ पुढे आणि घर मागे, मध्ये फक्त एक पडदा, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. अठरा वर्षांत आम्ही दोघांनी किती चेहरे टिपले याला गणती नाही. नोकरीचे अर्ज, लग्नं, बारशी, पासपोर्ट! बाई मला उजव्या डोळ्याला घट्ट टेकवायच्या, श्वास धरायच्या आणि म्हणायच्या, "हं, चेहरा प्रसन्न ठेवा." माझ्या भिंगाभोवती एक मऊ रबरी कडं आहे. ते कायम त्यांच्या पापणीला टेकलेलं असायचं, म्हणून ती पापणी कशी कशी ओघळत गेली हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. शेवटी शेवटी तर बाई एका बोटाने पापणी वर धरायच्या आणि दुसऱ्या हाताने माझं बटण दाबायच्या.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. "प्रसन्न व्हा" म्हटलं की गिऱ्हाईकच उलट विचारायचं, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" कुणी म्हणायचं झोप झाली नाही वाटतं, कुणी म्हणायचं रागावलात का. रागावणं तर बाईंच्या गावीही नव्हतं. त्या आतून हसत असायच्या आणि चेहरा पेंगत असायचा. एके दिवशी त्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी फोटो साफ करताना एकदम थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, लोकांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या मी रोज दोन मिनिटांत काढते. माझ्या मी का वाहत बसू?"

झालं! पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. नवरा म्हणाला, "ज्या डोळ्यावर आपलं पोट आहे, त्यालाच सुरी लावायची?" जवळच राहणारी नणंद तर तडक धावून आली. "वहिनी, या वयात हे कसले चोचले? कुणाला दाखवायचेत डोळे?"

"आरशाला," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी आमची गाठ पडते."

नणंद हात जोडून म्हणाली, "बरं बाई, कर. पण लोकांना मोतीबिंदू सांगूया. शोभून जाईल." बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे होकार, असं धरून नणंदेने आठ दिवसांत सगळीकडे मोतीबिंदू पोहोचवला.

तयारी मात्र बाईंनी अशी केली की मोठ्या परीक्षेला बसणाऱ्याने शिकावं. डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर गुडघ्यासाठीच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्या गोळ्यांनी म्हणे रक्त लवकर थांबत नाही. डोळ्यांत पुरेसं पाणी आहे का हे पाहायला डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पट्टी म्हणे पुरती भिजली. "अश्रू भरपूर आहेत," डॉक्टर म्हणाले. नवरा म्हणाला, "पट्टी कशाला वाया घालवलीत? मला विचारायचं." ऑपरेशनाआधीचे फोटोही हवे होते. दवाखान्यात मोबाईलवर काढलेले फोटो बाईंनी नापास केले. त्या घरी येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि मला नवऱ्याच्या हाती दिलं. समोर, वर, खाली, बाजूने आणि डोळे मिटून, असे पाच फोटो हवे होते. नवऱ्याने पहिल्या तिन्हींत कपाळच कापलं. बाईंनी पुन्हा काढायला लावलं. अठरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच समोरून पाहत होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती मला स्पष्ट दिसत होती. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं, ही त्यांची जातच होती.

ऑपरेशन मी पाहिलं नाही, तेव्हा ते रंगवून सांगणार नाही. त्या परत आल्या तेव्हा कुणाशी तरी हाणामारी करून आल्यासारख्या दिसत होत्या. डोळ्यांभोवती काळंनिळं, आणि दुसऱ्या दिवशी ते गालांवर उतरलेलं. पाठीशी तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपायचं, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, मलम लावायचं, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. नवऱ्याने घड्याळ लावून घड्या बदलल्या. नणंद रोज दुपारी बसायला यायची. ती बोलायची चिक्कार, पण घडी कधी कोरडी पडू दिली नाही तिने. सातव्या दिवशी टाके निघाले. स्टुडिओच्या दारावर पाटी होती, 'दोन आठवडे बंद.'

आणि नवव्या दिवशी माझ्या हातून ती गोष्ट घडली.

एक तरुण आई महिन्याभराचं बाळ घेऊन काच वाजवत राहिली. बाळाचा बाप परदेशी होता, पासपोर्टाचा फोटो दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता, आणि दोन ठिकाणी जाऊनही बाळाचा डोळे उघडे असलेला फोटो मिळाला नव्हता. नवरा औषधं आणायला गेला होता. बाईंनी दार उघडलं. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवलं आणि वाट पाहिली. बाळाने क्षणभर डोळे उघडले मात्र, बाईंनी सवयीने मला उचललं आणि उजव्या डोळ्याला टेकवलं. घट्ट, नेहमीसारखं.

फोटो अप्रतिम आला. पण माझ्या रबरी कड्यावर रक्ताचा थेंब होता.

तासाभरात तो डोळा सुजून बंद झाला. नवऱ्याने बाईंना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणे चांगलेच चिडले. "स्टुडिओ बंद म्हणजे हातही बंद, हे वेगळं सांगायला हवं होतं का?" नजर शाबूत होती. आत साठलेलं रक्त ओसरणार होतं. पण पापणीची रेघ थोडी वरखाली राहू शकते, आणि आता सहा आठवडे डोळ्याला काहीही टेकवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. घरी येताच नवऱ्याने मला पिशवीत कोंबून कपाटावर टाकलं. "हाच वैरी आहे तुझा," तो म्हणाला. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. जिच्या हातात मी मोठा झालो तिलाच मी इजा केली होती. त्या पिशवीत मला फार वाईट वाटलं.

चार आठवड्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गाचा फोटो काढायचा होता. पंधरा वर्षं तो बाईच काढत आल्या होत्या. नणंद म्हणाली, "यंदा जाऊ दे गं दुसऱ्याकडे. काम पुन्हा मिळेल, डोळा नाही मिळायचा."

"डोळा लावायचा नाही ना?" बाई म्हणाल्या. "नाही लावणार. त्या कॅमेऱ्याला खाली काढा."

मला तीन पायांच्या स्टँडवर चढवलं. बाईंनी मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, त्यांवर घरातल्या बादल्या, डबे आणि उशा बसवल्या, आणि माझ्या शेजारी उभं राहून मला वायरीने जोडलेलं बटण दाबलं. मग पाठीवरच्या पडद्यात पाहायचं, मला बोटभर सरकवायचं आणि पुन्हा दाबायचं. पहिल्या दिवशी निम्म्या बादल्या फोटोबाहेर गेल्या. तिसऱ्या दिवशी उशा आल्या पण डबे राहिले. आठव्या दिवशी एका झटक्यात सगळं खानदान आत आलं. शेजाऱ्यांना वाटलं, मोतीबिंदूने डोक्यावरही परिणाम झाला. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

शाळेत साठ मुलं चार रांगांत उभी राहिली. वायर सांभाळायला नणंद होती. बाईंनी मोठा काळा चष्मा लावला होता, आणि मुलं कॅमेऱ्यात बघायचं सोडून त्या चष्म्याकडे बघून खुसखुसत होती. दोन फोटो फुकट गेले. बाईंनी चष्मा काढला. उजव्या डोळ्याखाली अजून पिवळसर डाग होता. मुलं आता त्या डागाकडे बघू लागली. बाजूला उभ्या मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "मोतीबिंदूचं ना?"

नणंदेने घाईने मान डोलावली. बाईंनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही. पापण्या ओघळल्या होत्या, त्या नीट करून घेतल्या. मला आवडत नव्हत्या."

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दुखलं का, बाई?"

"दुखलं. मध्ये एक चूकही केली, ती जास्त दुखली. तरी पुन्हा करावं लागलं तर करीन. बघा इकडे."

साठही जणांनी पाहिलं. तो फोटो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे. दुसऱ्या दिवशी शेजारणीने मोतीबिंदूची चौकशी केली, तेव्हा नणंदच फणकारली, "कुठला मोतीबिंदू? पापण्यांचं ऑपरेशन आहे. डोळे तिचे आहेत, तुमचं काय जातं?"

सूज पूर्ण उतरली तेव्हा उजवी पापणी डावीपेक्षा केसभर खाली राहिलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, नीट करून देतो. बाई म्हणाल्या, राहू दे. मग त्यांनी पाठीवर मोठा पडदा असलेला नवा कॅमेरा घेतला आणि मला पुसून कपाटात ठेवलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी स्वतःच्या चेहऱ्यासाठी काही केलं, तर 'कुणाला दाखवायचंय' असं विचारू नका. आणि जो बरा होतो आहे, त्याला बरं व्हायला पुरता वेळ द्या. कामाने, सवयीने किंवा प्रेमानेही त्याच्या जखमेवर दाबू नका. मी दाबलं आहे, म्हणून सांगतो.

आता मी कुणाच्याच डोळ्याला टेकत नाही. सकाळी बाई दार उघडतात, दिवा लावतात आणि गिऱ्हाइकाकडे पाहून हसतात. बरं नाही का, असं त्यांना आता कुणी विचारत नाही. मी काचेआडून त्यांना पाहतो. अठरा वर्षं त्यांचा एकच डोळा माझ्या वाट्याला होता. आता दोन्ही दिसतात.