सोपटाने बांधलेली पाने

सन पस्तीसच्या आश्विन मासात अनसिंग गावच्या जानराव माळ्याची एकुलती एक कन्या पंचफुला मुदतीच्या तापाने अंथरुणास खिळली. बापूराव वैद्यांनी नाडी पाहून स्पष्टच सांगितले की, एकवीस दिवस पोटात पेज जात राहिली तर मुलगी हाती लागेल; पेज बंद झाली तर आपला इलाज नाही.

पंचफुला दहा वर्षांची, तिसरी इयत्ता शिकलेली. पेजेची वाटी पाहताच ती दात आवळून घेई. तेव्हा जानरावाने एक युक्ती योजिली. त्याचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते, तथापि अक्षर लावून वाचता येत असे. शाळेतून त्याने एक रहस्यकथेचे पुस्तक आणिले. त्यात एका सावकाराच्या घरातून मोत्यांची नथ नाहीशी होते आणि घरातील प्रत्येक मनुष्यावर संशय जातो. एक पान वाचावे, दोन चमचे पेज पाजावी, असा क्रम बारा दिवस निर्विघ्न चालला.

तेराव्या दिवशी मात्र तापाच्या भरात मुलगी नथीचाच ध्यास घेऊन तळमळू लागली. ते पाहून जानरावाचे अंतःकरण द्रवले. तिच्या जिवाला स्वस्थता लाभावी एवढ्याच हेतूने त्याने शेवटचे पान उघडून पाहिले आणि नथ कारभाऱ्याने नेली होती, असे तिला सांगून टाकिले.

पंचफुलेने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "सांगून टाकलं ना तुनं, बा. मंग आता पेज कायले पिऊ?" आणि तिने भिंतीकडे तोंड फिरविले.

त्यानंतर दोन दिवस तिने घोटभर पाण्याखेरीज काही घेतले नाही. जानरावाने देवादिकांच्या कथा सांगितल्या, राजाराणीच्या सांगितल्या. राजाच जिंकणार हे आपल्यास ठाऊक आहे, एवढेच ती क्षीण स्वरात बोलली. तिचे मनगट भेंडीच्या देठासारखे झाले होते. तिची आई मनकर्णाबाई चुलीपाशी बसून राही. पंधराव्या दिवशी सकाळी ती नवऱ्याकडे न पाहताच म्हणाली, "लेकरू तेवढ्या एका गोष्टीवर तगून होतं. तुमाले दम धरवला नाही."

जानराव उठला तो थेट शाळेत गेला. मास्तरांनी पुस्तकांची पेटी त्याच्यापुढे उघडून दिली आणि ते वर्गावर गेले. सात पुस्तके निघाली. सर्वांवर गूढ, रहस्य असेच काही लिहिलेले. यांतील एक चुकीचे निघाले तर दुसरे निवडण्यास मुलगी उरणार नाही, या विचाराने तो एकेक पुस्तक उचलून पुन्हा खाली ठेवू लागला. अखेर सर्वांत नवे, चकचकीत पुठ्ठ्याचे पुस्तक त्याने उचलले.

पंचफुलेची मैत्रीण हौसा पाणी प्यावयास बाहेर आली होती. ती तेथेच थबकली.

"काका, वांगे निवडता तसं नका निवडू, वरून गुळगुळीत पाहून. शेवटचे पानं पाहा. कोरे असतीन तर पोरायनं अर्ध्यातच सोडलं समजा. मळके असतीन थेच घ्या."

सातांपैकी एकाचीच शेवटची पाने बोटांच्या डागांनी काळवंडलेली होती; तेच त्याने घेतले. तेवढ्यात हौसेने बजावले, "अन् तुमी सोता शेवट वाचू नका. मोठ्या माणसाले अगुदर मालूम असलं की त्याईच्या तोंडावर दिसते. मंग मजाच नाही."

वाटेत मळ्याच्या बांधावर जानराव थांबला. आपले मन पुन्हा द्रवेल, याची त्याला खात्री होती. मेथीच्या जुड्या बांधावयाचे केळीचे ओले सोपट त्याने घेतले, शेवटची दहा पाने त्यात गुंडाळली आणि जुडीला मारावी तशी घट्ट गाठ मारली.

घरी तो अंथरुणाशी बसला आणि वाचू लागला. ओसाड विहिरीतून कोणाची तरी हाक येते, असा आरंभ होता. पहिले पान झाले, दुसरे झाले. मुलगी भिंतीकडेच पाहत होती. मनकर्णाबाईने पेज पुढे केली आणि मागे घेतली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर जानरावाने वाचणे थांबविले.

तेव्हा पंचफुला हळूच वळली. "विहिरीत कोन होतं, बा?"

"मले ठाऊक नाही, माय."

"तुले समदं ठाऊक राह्यते."

त्याने पुस्तक तिच्यापुढे धरिले. तापलेली बोटे तिने सोपटावरून फिरविली, गाठ चाचपली. गाठ सुटलेली नव्हती. मग ती बापाच्या मुद्रेकडे कितीतरी वेळ निरखून पाहत राहिली. तेथे भीतीवाचून काहीच नव्हते.

"खरंच तुले मालूम नाही," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडले.

दोन चमचे गेले. चौथ्या पानाला आणखी दोन. मुदतीला सहा दिवस उरले होते आणि ताप तसाच होता. जानरावाने पाचवे पान उघडले, तोच तिने त्यावर हात ठेविला.

"आता राहू दे, बा. उद्याच्या पेजेसंगं वाच."

मनकर्णाबाईने वाटी खाली ठेविली आणि पदराने तोंड झाकून घेतले. जानराव बोट पाचव्या पानात तसेच ठेवून बसून राहिला.