बांधावरचा तरोटा

द्वारकाबाईंना हिंगोलीत लेकाकडं राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. घराजवळ गॅरेजांच्या मागं मोकळा प्लॉट होता, पावसाळ्यात तिथं तरोटा माजायचा. बाई कोवळे शेंडे पदराच्या ओट्यात खुडून आणायच्या. ती भाजी खाताना त्यांना नरसीजवळचं आपलं शेत आठवायचं.

तिथंच त्यांना प्रियदर्शनी भेटली. कॉलेजातली मुलगी, तरोट्याची पानं कागदी पिशवीत भरत होती.

"भाजीला नेऊन राहिली का?"

"न्हाई मावशी, तपासायला. मातीत शिसं असलं तर ते पानांत उतरतं. शहरात कुठं किती साठलंय, ते यावरून कळतं."

काही आठवड्यांनी ती मुद्दाम घरी आली. "मावशी, तिथली भाजी खाऊ नका. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं निघालं त्यात."

"तेवढंच गावाकडचं तोंडाला लागत होतं," बाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीला तुलनेसाठी शहराबाहेरचा तरोटा हवा होता. हे कळताच बाई म्हणाल्या, "आमच्या बांधावर चल." लेक विश्वंभर दर रविवारी 'नेतो' म्हणायचा, पण त्याला जमत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघी एसटीनं गेल्या.

शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, दिलेलं होतं. बटईदारानं तणनाशक मारल्यानं बांध पिवळा पडला होता. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. "इथं कमरेएवढा असायचा," एवढंच म्हणाल्या. शेवटी विहिरीच्या काठाला, जिथं फवारा पोचला नव्हता, तिथं थोडी झाडं सापडली. त्या खाली बसून खुडू लागल्या.

"थोडी तुमच्या भाजीला ठेवा, मावशी."

"तुला किती लागतंय?"

"पिशवीभर."

"मग हे तुलाच पुरंना. घे सगळं."

महिन्याभरानं प्रियदर्शनीचा फोन आला. विहिरीवरचा तरोटा चांगला निघाला होता.

"परत न्यावा लागंल का तिथून?" बाईंनी विचारलं.

"कामासाठी न्हाई लागायचा. पण रविवारी मी मोकळी हाय. जायचं का?"

"आता तरोटा फुलावर आला असंल. भाजीचा राहिला न्हाई."

"मग?"

"नुसतं बसून येऊ," बाई म्हणाल्या.