ठिणगी निळी होती

“चावी सोड, स्तामेना! माझ्या आधी बॅटरी मारशील,” मागच्या सीटवरून विदोसाव्ह ओरडले. हात छातीवर, कपाळावर घामाची धार. तीस वर्षं अख्ख्या गावाच्या गाड्या दुरुस्त करणारा माझा नवरा स्वतःच्याच जुन्या, सुरू न होणाऱ्या गाडीत अडकून पडला होता. अँब्युलन्सला आमचा डोंगर चढायला दोन तास लागणार होते.

आरडाओरडा ऐकून शेजारचा तिहोमिर कुंपण ओलांडून धावत आला. झऱ्याच्या पाण्यावरून त्याचं आणि यांचं चार वर्षं बोलणं बंद होतं.

“दादा, काय करू सांग.”

“तूच राहिला व्हतास व्हय? बरं. प्लग काढ, इंजिनाला टेकव. तुझी वैनी चावी फिरवंल. ठिणगी कशी हाय?”

“निळी.”

“मंग करंट हाय. कार्बोरेटरची वाटी खोल. आतलं पेल्यात वत.”

मी राकिया दारूचा रिकामा काचेचा पेला आणून दिला. तिहोमिरने तो भरून उन्हात धरला. वर पेट्रोल, खाली पाणी. मधे सुरीने कापल्यासारखी रेघ.

यांच्या छातीत पहिली कळ आली तेव्हापासून रोज पहाटे प्रार्थना झाली की मी चर्चमधलं तीर्थ घोटभर टाकीत घालत होते. दवाखान्यात नेणारी तीच एक गाडी. तिच्यावर देवाची कृपा राहावी म्हणून. नेम चाळीस दिवसांचा. तो सदतिसावा दिवस होता.

विदोसाव्ह हसले. “झऱ्याचं पाणी पुरलं न्हाई व्हय रं? माझ्या टाकीत बी वतलंस?”

“आईच्यान न्हाई, दादा! वैनी, तुमी तरी सांगा की!”

मी छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाली बघत राहिले.

“स्तामेना, म्या मेल्यावर ह्याला माझ्या पेटीला हात लावू देऊ नगंस.”

तिहोमिरने रडत रडतच टाकीच्या तळाचं बूच सोडलं, पाणी वाहू दिलं, नळी तोंडाने फुंकली. गाडी सुरू झाली. इंजिन इतकं गोड चाललं होतं, की मागचा श्वास थांबल्याचं आम्हाला फाटकापर्यंत कळलंच नाही.

यांचा शेवटचा शब्द गावाला कळला; पेटी दुसऱ्यांनी उचलली. तिहोमिरच्या घरी जाणं गावाने सोडलं. नेम मोडल्याचं पाप मी पाद्रीबाबांजवळ कबूल केलं. तेवढंच.

यांच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी थडग्यापाशी मी यांच्या नावाने उकडलेले गहू वाटत होते, तेव्हा तिहोमिर स्मशानाच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा दिसला. मी वाडगा घेऊन गेले.

“वैनी, तुमाला तरी पटतं न्हवं, म्या न्हाई वतलं?”

“देवाला ठावं हाय,” मी हळूच म्हणाले, आणि त्याच्या तळहातावर दोन चमचे गहू ठेवले.