दंडातली गंगा

"जिभेला गोड लागलं म्हणून पाणी स्वच्छ असतं असं समजू नका," असं डॉक्टर दिनानाथांनी मला बजावलं होतं. माझा मुलगा अपूर्व तेव्हा अगदी तान्हा होता. मी "हो डॉक्टर" म्हटलं आणि जिना उतरेपर्यंत विसरूनही गेले. आमच्या भागात सगळे जिभेवरच जातात. पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला कुठेही खणा, खारंच लागतं. पाणी आलं की बायका आधी ओंजळभर चाखतात, गोड निघालं की हंडे लावतात. झाली परीक्षा!

हे ज्याला नेमकं कळलं होतं, त्याने त्र्याण्णवच्या मे महिन्यात उरण नाक्याजवळच्या रिकाम्या प्लॉटवर मंडप ठोकला. नाव जलदंड महाराज. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं, आणि इकडे खाऱ्या जमिनीतून गोड गंगा! मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बँकेतले साहेब आणि गव्हाण गावचे शेतकरी एकाच सतरंजीवर हात जोडून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर बाटली.

मी गेले ती दिपिकासाठी. दिपिका आमच्या खालच्या मजल्यावरची. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आल्यावर गव्हाणहून सासू-सासऱ्यांसह फ्लॅटमध्ये आलेली. तिच्या दहा महिन्यांच्या रेवाला जुलाब लागले होते. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं होतं, ते तिने सकाळपासून बंद केलं होतं आणि नुसतं महाराजांचं तीर्थ पाजत होती.

"महाराज बोलले, तीर्थात मीठ-साखर मिसळली तर गंगा कोपते," ती म्हणाली.

"अगं, पोरीचे डोळे बघ कसे खोल गेलेत! चल, आत्ता डॉक्टरांकडे."

"मामंजी नाय सोडणार, ताई. ते मंडपात हायेत. त्यांनी हो बोललं तर येते."

म्हणून मी अपूर्वला कडेवर घेऊन मंडपात आले. मामंजी, म्हणजे भगवानकाका, पहिल्याच रांगेत.

महाराजांचा दंड पुरुषभर उंच, चांदीसारखा चकचकीत, टोकाला नागाचा फणा. आधी त्यांनी तो उलटा करून झटकला. थेंब नाही. मग म्हणाले, "तुमची जमीन खारी का? तुमची मनं खारी म्हणून! समुद्र तुमच्या पोटात शिरलाय, भक्तहो! काढू का बाहेर?"

"काढा!" मंडप ओरडला.

पितळी कमळाच्या मधोमध दंड टेकला. ढोल घुमायला लागले. फण्यातून पाणी उसळलं. दंड उचलला, पाणी बंद. खाली एक थेंब सांडला नाही. "बंद म्हटलं की बंद! नगरपालिकेला जमतं का हे?" हशा पिकला. बायका बाटल्या घेऊन पुढे धावल्या. एकीने तिथेच घोट घेतला. "गोड आहे हो, गोड!"

मी मात्र जागची हलले नाही. कारण ढोल सुरू होण्याच्या जरा आधी मला आवाज आला होता. टक्.

तो आवाज माझ्या घरातला होता. सत्यजीत, माझे यजमान, बेलापूरच्या काचेच्या कचेऱ्या धुण्याचं काम बघत. लांब पोकळ दांडा, वर ब्रश, आतून पाणी चढतं. दांडा नळीला जोडायला कुठलं कपलिंग घ्यायचं, म्हणून त्यांनी नमुने घरी आणले होते आणि आमच्या मोरीत आम्ही ते लावून-काढून पाहिले होते. साधं पितळी काढलं की नळी सगळीकडे पाणी फेकायची. रांगतं मूल घरात, मी ते लगेच बाद केलं. एकाच्या दोन्ही तोंडांना आत स्प्रिंगची झडप होती. दाबलं की टक्, पाणी सुरू. ओढलं की बंद, फरशी कोरडी. आम्ही तेच ठरवलं होतं.

मी उभी राहिले. "महाराज, दंड जरा इथे माझ्या पायाशी टेकवता?"

"गंगेची जागा ठरलेली असते, बाई."

"का? गंगा खुंट्याला बांधलीय?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांचा आवाज चढला. "शिकलेल्या बायका! पोर कडेवर आणि नास्तिकपणा डोक्यावर!"

भगवानकाका संतापून माझ्याकडे वळले. "गप बस ना, पोरी! महाराज, टेकवाच तिथं. हिचं तोंड तरी बंद होईल."

"देवाची परीक्षा नसते घ्यायची, भगवान."

"परीक्षा कुठं? आमाला ठाव हाय ना पाणी येणार ते! थांबा, मीच कमळ सरकवतो."

आणि त्या भाबड्या माणसाने पूर्ण विश्वासाने कमळ उचललं. खाली मातीत पुरलेली काळी रबरी नळी, तिच्या तोंडाला तसलंच झडपेचं कपलिंग. मी पुढे होऊन अंगठ्याने झडप दाबली. पाण्याची चिळकांडी काकांच्या सदऱ्यावर उडाली.

ढोल थांबले. तेव्हा पडद्यामागची पाण्याची मोटार सगळ्यांना ऐकू आली.

नळीच्या मागे मागे आम्ही पडद्याआड गेलो. तिथे टँकर उभा. चालक विडी ओढत होता. "पाणी कुठलं रे?" काकांनी विचारलं.

"खदानीचं. जेएनपीटी बंदराचे ट्रक धुतात ना, तिथलं. पावसाचं साठलेलं, गोड असतं." मग बाटल्या पाहून तो दचकला. "पिताय की काय? मला शिंपडायला पाहिजे म्हणून सांगितलं होतं!"

टँकरच्या झाकणाखाली पाण्यावर तेलाचे रंग तरंगत होते. त्यात अळ्या वळवळत होत्या. मला तिथेच उलटी झाली.

काकांनी एकदाच म्हटलं, "आमची रेवा..." आणि धोतर सावरत पळत सुटले. रिक्षात दिपिकाच्या मांडीवर ती पोर रडायला नुसती तोंड वाकडं करत होती, डोळे कोरडे. "अंगातलं पाणी आटलंय, आसवंसुद्धा नाहीत," म्हणत डॉक्टर दिनानाथांनी सलाईन लावलं. आम्ही भिंतीला टेकून उभे. संध्याकाळी रेवाने भोकाड पसरलं, तेव्हा दिपिकाने माझा हात घट्ट धरला. "ताई, बघा, आसवं आली!"

महाराज तोवर दंड घेऊन पसार झाले होते. त्यांचा मला राग आहेच. पण किळस येते ती वेगळ्याच गोष्टीची. नळी डोळ्यांनी बघूनही काही बायका बाटल्या छातीशी धरून घरी गेल्या. "नळी असेल, पण भाव महत्त्वाचा," असं त्यातली एक, पदवीधर, मला म्हणाली. भाव तान्ह्याच्या पोटात जात नाही. पाणी जातं.

चमत्कार दिसला तर जागा बदलायला सांगा, झाकलेलं उचलून बघा, पाणी कुठून आलं ते विचारा. यात कुठल्याही देवाचा अपमान नाही. आणि बाळ आजारी असेल तर पाणी उकळा, डॉक्टर सांगतील ते द्या.

हे वाचून झालं की एक करा. तुमच्या जिन्यात एखादी तान्ह्या बाळाची आई असेल, हल्ली खाली दिसत नसेल, तिच्या दाराशी कुठल्याशा तीर्थाची बाटली असेल. तिची बेल वाजवा. बाळ रडतंय का, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, एवढं आत्ताच बघून या.