काठोकाठ

मी एक पेला बोलतोय. बिनकानाचा, निळ्या नक्षीचा, आमच्या रिश्तान गावच्या मातीचा. माझी मालकीण मोहिदिल. नवरा गेल्यावर मुलगी झेबोला आजीकडे ठेवून ती मॉस्कोला निघाली, तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून तिनं मलाही नेलं. "झेबोचं लग्न थाटात करीन आणि कायमची परत येईन," असं सगळ्यांना सांगून निघाली होती. आठ वर्षं झाली त्याला.

तिथं नवव्या मजल्यावरच्या राइसाबाई नावाच्या म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं. अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, टीव्हीसमोर बसवायचं. पहिल्याच दिवशी मोहिदिलनं माझ्यात दोन घोट चहा ओतला आणि छातीवर हात ठेवून मला म्हातारीपुढे धरलं. आमच्याकडे मानाच्या माणसाला असाच देतात. थोडा ओतला म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि चालू पडा.

म्हातारी कडाडली, "काय गं मरीना, चहातसुद्धा हात आखडता? का उरलेला तू पिणारेस?"

मरीना हे नाव तिनंच ठेवलेलं. खरं नाव जिभेवर बसत नाही म्हणे!

मोहिदिलची कानशिलं तापली. तिनं मला काठोकाठ भरून दिलं. महिनाभर तिला हे फार जड गेलं, मग अंगवळणी पडलं. कामाच्या परवान्याच्या रांगेत तासन् तास उभं राहायची सवय झाली, जिन्यात मान खाली घालायची झाली, 'मरीना' म्हटलं की ओ द्यायची झाली, तशीच ही. मला राग यायचा. पण पेल्याच्या रागाला कोण विचारतो?

यंदा झेबोला स्थळ आलं. मोहिदिल पंधरा दिवसांची रजा काढून, मला सोबत घेऊन गावी आली. मुलाची आई सलोमत दोन बायकांना घेऊन बघायला आली. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर रोट्या मांडल्या होत्या. दोन्हीकडच्यांनी मिळून रोटी मोडली की लग्न पक्कं. चहा ओतायला झेबोची आजी बसणार होती, पण मोहिदिल म्हणाली, "सासूबाई, आज मी ओतते. एवढा तरी मान मला द्या."

तिनं बोलता बोलता चहा ओतला आणि मला सलोमतपुढे धरलं. मी काठोकाठ भरलेला! मला कळलं, तिला नाही. ती आपली हसतच होती.

सलोमतनं मला हातही लावला नाही. "स्पष्ट सांगायचं की बाई. आम्ही काय जबरदस्तीनं सून नेणार होतो?"

मोहिदिलनं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तसं नाही हो! चुकून झालं. तिकडे असाच भरतात, हाताला वळणच पडलंय..."

"असं होय? मग लेकीलाही वळण तिकडचंच असणार," असं म्हणत सलोमत डोक्यावरचा रुमाल सारखा करून उठली. झेबोनं तर मॉस्को फक्त फोटोत पाहिलेलं. रोट्या तशाच राहिल्या.

झेबो दाराआडून सगळं ऐकत होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू कशाला आलीस गं आई? आजीनं सगळं नीट केलं असतं."

चारच दिवसांत मोहिदिल परत निघाली. आणखी थांब, असं कुणी म्हणालं नाही.

आता मी पुन्हा त्याच नवव्या मजल्यावर आहे. आम्ही दारात पाऊल टाकलं तशी राइसाबाई म्हणाली, "बरं झालं बाई आलीस. तुझ्यावाचून घर खायला उठत होतं." हे शब्द ऐकायला मोहिदिल आठ वर्षं आसुसली होती, पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून. स्वयंपाकघरात मला हातात धरून ती हमसून हमसून रडली.

दर रविवारी ती घरी फोन लावते. उचलते आजी. झेबो कामात आहे, असं सांगते.

मी मातीचा, आज ना उद्या कुणाच्या तरी हातून सुटेन. त्याचं मला दुःख नाही. पण झेबो, पोरी, तेवढ्यात एकदा फोन तू उचल, आणि "आई, घरी ये" म्हण.